वाकडं कोपर आणि पहिली रात्र

सैन्यभरतीत धावण्यात पास झालेला पोरगा मेडिकलमध्ये बाद होतो. कारण काय, तर कोपर. हात खाली सोडून तळवे पुढे केले की बहुतेकांचा कोपराखालचा हात थोडा बाहेरच्या बाजूला जातो. काहींचा मात्र उलटा, आत वळलेला असतो. वाकडेपणा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की उमेदवार अपात्र. घरच्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: "लहानपणी झाडावरून पडला होता. हाड जुळलं, पण वाढताना वाकडं वाढलं."

हे "वाढताना वाकडं वाढलं" प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. कारण एकेकाळी डॉक्टरही हेच म्हणायचे.

कोपराच्या लगेच वर दंडाचं हाड चपटं आणि पातळ असतं. मूल पडताना हात टेकवतं आणि हाड तिथेच मोडतं. लहान मुलांच्या कोपराजवळचं हे सगळ्यात जास्त आढळणारं फ्रॅक्चर. ते बसवायला अवघड. कोपर पूर्ण दुमडून बांधलं तर हाड जागेवर राहतं, पण सुजेमुळे रक्तवाहिनी दाबली जाऊ शकते. जर्मनीतल्या हाले शहरातले सर्जन रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली लिहून ठेवलं की घट्ट बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटून स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. कोपर कमी दुमडावं, तर हाड सरकणार. हात वाचवायचा की आकार, असा पेच होता. हात वाचवला जायचा, ते बरोबरच होतं. वाकडं कोपर ही त्याची किंमत.

मग वाकडं जुळलेलं हाड कापून सरळ करायचं का? ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन ऱ्हिया बार्टन यांनी १८२६ साली आखडलेल्या खुब्याजवळ हाड कापलं, तेही भूल नसताना. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धत मांडली, आणि मग ग्लासगोत विल्यम मॅकईवन यांनी मुडदूस झालेल्या मुलांचे वाकडे पाय हाड कापून सरळ केले. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि आतलं हाड दिसू लागलं. १९२९ साली स्वित्झर्लंडचे अर्न्स्ट बाउमान यांनी एक्स-रेवर कोपराचा कोन मोजायची रीत दिली. ती आजही वापरतात.

कोपरासाठी गाजलेली शस्त्रक्रिया फ्रेंच यांच्या नावाची. ती १९५९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. एक्स-रेवर मोजून दंडाच्या हाडातून बाहेरच्या बाजूने पाचरीसारखा तुकडा काढायचा. आतल्या बाजूचं हाड बिजागरीसारखं ठेवायचं. फट मिटवली की हात सरळ. वर एक स्क्रू, खाली एक स्क्रू, मध्ये तारेचा पीळ. पुढे बारीक सळ्या आणि प्लेट आल्या, कापायच्या तऱ्हा बदलल्या. पण तत्त्व तेच.

आता खरा मुद्दा. १९६० साली लायमन स्मिथ यांनी दाखवून दिलं की हे कोपर वाढीमुळे वाकडं होत नाही. ते पहिल्यांदा बसवतानाच तिरकं बसलेलं असतं. प्लास्टरमध्ये हात दुमडलेला असतो म्हणून दिसत नाही. प्लास्टर निघून हात सरळ झाला की दिसतं. आणि ते आपोआप सुधारतही नाही. दंडाच्या हाडाची फक्त २० टक्के वाढ कोपराच्या टोकाला होते, त्यामुळे बाजूचा तिरकेपणा भरून निघत नाही.

म्हणजे दोष नशिबाचा नाही, पहिल्या उपचाराचा आहे. आणि त्यावरचा उपायही तेव्हा माहीत होता. हाड बसवून त्वचेतूनच बारीक तारा घालायची पद्धत स्वेन्सन यांनी १९४८ मध्येच मांडली होती. १९७४ मध्ये फ्लिन आणि सहकाऱ्यांनी अशा तारांचा सोळा वर्षांचा अनुभव छापला. तारांनी हाड धरलं की कोपर जास्त दुमडावं लागत नाही. जुना पेचच सुटला.

"दिसायलाच वाकडं आहे ना, काम तर होतंय," असंही म्हणतात. लहानपणी ते बरंचसं खरं असतं. पण २००१ मध्ये ओ'ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा कोपराचे बाहेरचे बंध हळूहळू सैल पडतात आणि दोन-तीन दशकांनी सांधा निसटायला लागतो. काहींची नसही दाबली जाते. तेव्हा दुरुस्तीची शस्त्रक्रिया हौस नाही.

तरी ती दुसरी संधी आहे. पुन्हा भूल, पुन्हा कापलेलं हाड, पुन्हा शाळा बुडणार. पहिली संधी मूल पडलं त्या रात्रीची. तेव्हा लागतं काय? हाडांचा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, चालू असलेलं सी-आर्म मशीन आणि दोन-तीन तारा. तारा सगळ्यात स्वस्त. अडतं ते माणसांवर आणि मशीनवर. ते नसलं की पोर प्लास्टर बांधून घरी येतं, नाहीतर हाडवैद्याकडे जातं. सुजलेल्या कोपराला तिथे मालिश झाली तर सांधा आणखी आखडतो. दोष द्यायला हाडवैद्य सोपा सापडतो. पण रात्री नऊ वाजता त्या बापाला दुसरं दार उघडं होतं का, हेही विचारा.

आपल्या उपजिल्हा रुग्णालयात यातलं काय काय आहे, रात्री असतं का, एवढं जाऊन विचारून या. भरतीच्या वेळी कोपर मोजणारं सरकार आणि ते दवाखाने चालवणारं सरकार, दोन्ही आपलीच आहेत.