'रंगांध' राज्यघटना : अमेरिकेतील एका संकल्पनेची वाटचाल (१८९६-२०२३)

अमेरिकेतील वंशभेदविषयक न्यायनिर्णयांत 'रंगांध राज्यघटना' या संकल्पनेचा आधार परस्परविरोधी हेतूंसाठी घेतला गेला आहे. प्रस्तुत लेखात तिच्या या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

लुईझियाना राज्याने १८९० मध्ये गोऱ्या व कृष्णवर्णीय रेल्वेप्रवाशांसाठी स्वतंत्र डबे सक्तीचे केले. होमर प्लेसी यांनी १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसून या कायद्यास आव्हान दिले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी कायदा वैध ठरविला. एकट्या न्या. जॉन मार्शल हार्लन यांनी भिन्नमत नोंदविले. राज्यघटना रंगांध असून ती नागरिकांत वर्ग मानीत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र त्याच परिच्छेदात त्यांनी प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती व सत्ता यांत गोऱ्या वंशाचे वर्चस्व आहे आणि घटनात्मक तत्त्वे पाळल्यास ते पुढेही टिकेल, असा विश्वास व्यक्त केला. म्हणजेच कायद्याचे रंगांधत्व आणि समाजातील वर्चस्व यांत त्यांना विसंगती जाणवली नाही.

१९५४ च्या ब्राऊन खटल्यात शाळांतील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरले. तथापि न्यायालयाने हार्लन यांचे सूत्र स्वीकारले नाही. कृष्णवर्णीय मुलांच्या मनावर होणाऱ्या आघातावर भर दिला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर वादाचा रोख बदलला. १९७८ च्या बॅकी खटल्यात वैद्यकीय महाविद्यालयातील १०० पैकी १६ जागा राखून ठेवणे अवैध ठरले. परंतु प्रवेशासाठी वंश हा अनेकांपैकी एक घटक मानण्यास मुभा मिळाली. वंशभेदाच्या पलीकडे जायचे तर प्रथम वंशाची दखल घ्यावी लागेल, असे न्या. हॅरी ब्लॅकमन यांचे मत होते. हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविषयीच्या २०२३ च्या निकालाने अशा प्रवेशपद्धती रद्दबातल ठरविल्या. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी रंगांध घटनेचे समर्थन केले, न्या. सोनिया सोटोमायोर यांच्या मते अशा रंगांधत्वाने विषमता अधिक दृढ होते.

सारांश, १८९६ मध्ये हे सूत्र विभाजन लादणाऱ्या कायद्याविरुद्ध मांडले गेले, तर २०२३ मध्ये त्या विभाजनाच्या परिणामांवरील उपायाविरुद्ध. हार्लन यांचे केवळ एक वाक्य उद्धृत केल्यास हा भेद लोपतो. संपूर्ण परिच्छेद वाचल्यास, समान कायदा आणि समान समाज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.