ठाण्याच्या पलीकडे

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून १४ डबे व सुमारें ४०० पाहुणे घेऊन आगगाडी निघाली आणि २१ मैलांवरील ठाण्यास पोंचली, हें शाळकरी मुलांसही मुखोद्गत असतें. साहेब, सिंध व सुलतान हीं तिचीं तीन इंजिनें. मला मात्र त्या दिवसापेक्षां त्यानंतरचें वर्ष अधिक बोलकें वाटतें. ज्या अंतराचें लोकांनीं एवढें नवल केलें, तें पाहतां पाहतां अपुरें ठरलें. मे १८५४ मध्यें गाडी खाडी ओलांडून कल्याणास गेली. तीही वाट वळणाची वाटूं लागली, आणि १९१६ सालीं पारसिकच्या पोटांतून सरळ बोगदा निघाला.

कल्याणापुढें सह्याद्रि आडवा होता. येथें नवा विक्रम स्वस्तांत मिळावयाचा नव्हता. भोर घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदारास १८५९ सालीं मृत्यूनें गांठलें. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें कंत्राट पुरें करविलें. १८६१ सालीं डोंगरावर चाळीस हजारांवर मजूर खपत होते. पटकीच्या सांथींनीं त्यांतले किती नेले, याचा हिशेब आम्ही इतिहास शिकविणारे क्वचितच मांडतों. इंजिनांचीं नांवें मीं वर न अडखळतां लिहिलीं. त्या मजुरांपैकीं एकाचेंही नांव मला लिहितां यावयाचें नाहीं.

१८६३ सालीं घाट खुला झाला. १ जून १९३० रोजीं कल्याणाहून निघालेली ‘दख्खनची राणी’ विजेच्या बळावर तो चढून पुण्यास गेली.