स्वामित्वधन कोणाचं?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात चिखला ही मँगनीजची जुनी खाण आहे. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही, म्हणून इंग्रज कंपनीने मध्य प्रांतातला हा पट्टा खणायला घेतला. १९६२मध्ये ‘मॉयल’ स्थापन झाली. तिचा ५१ टक्के वाटा केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या सरकारांकडे आला, उरलेला १९७७मध्ये. मालक बदलले, पण जमिनीखालच्या धनावर कर कोणी लावायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

राज्यघटनेच्या राज्यसूचीत, ५०व्या नोंदीत, खनिज हक्कांवरचा कर राज्याला दिला आहे. पण संसदेच्या मर्यादांच्या अधीन. १९५७च्या खाण कायद्याने स्वामित्वधनाचा दर केंद्राच्या हाती ठेवला आणि तीन वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा तो वाढवता येणार नाही, असंही ठरवलं. वसूल करणार राज्य, दर ठरवणार दिल्ली.

१९८९मध्ये ‘इंडिया सिमेंट’ खटल्यात सात न्यायमूर्तींनी स्वामित्वधन हाच एक कर आहे, असं म्हटलं. त्यावर राज्याने पुन्हा कर लावायचा नाही, असा त्याचा अर्थ झाला. २००४मध्ये पाच न्यायमूर्ती म्हणाले, निकालात छपाईची चूक आहे. ‘स्वामित्वधनावरचा उपकर हा कर आहे’ असं तिथे हवं होतं. गळालेल्या शब्दांचा हा वाद २५ जुलै २०२४ला मिटला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की स्वामित्वधन कर नव्हे आणि राज्यांना खनिज हक्कांवर कर लावता येतो. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. तमिळनाडूने लगेच तसा कायदाही केला.

महाराष्ट्रालाही हा मोह होणं स्वाभाविक आहे. जीएसटीनंतर राज्याच्या हातात मद्य, इंधन, मुद्रांक असे मोजकेच कर उरले. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली आहे.

मला मात्र वेगळा हिशेब महत्त्वाचा वाटतो. मँगनीजवरचं स्वामित्वधन सरासरी विक्री किमतीच्या ५ टक्के. म्हणजे १०,००० रुपयांच्या मालावर ५०० रुपये राज्याला. २०१५पूर्वीच्या खाणपट्ट्यांना याशिवाय स्वामित्वधनाच्या ३० टक्के, म्हणजे १५० रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावे लागतात. ते खाणबाधितांच्या पाणी-आरोग्य-शिक्षणासाठी असतात. राज्याने नवा कर बसवला, तर तो थेट तिजोरीत जाईल आणि त्यातला चिखल्याचा वाटा कायद्याने ठरलेला नसेल.

पीक दरवर्षी येतं, मँगनीज एकदाच निघतं. त्याचा पैसा पगार आणि व्याजात घालणं म्हणजे शेत विकून किराणा भरणं. कर लावायचा अधिकार राज्याने न्यायालयात मिळवला आहे. आता त्या पैशातून चिखल्यासारख्या गावांत खाण संपल्यावरही टिकेल असं काय उभं राहणार, हे विधानसभेत विचारलं गेलं पाहिजे.