वारली चालेल, पण माग कधी दाखवणार?

सात रस्ता परिसरातल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी ही पोस्ट. थोडी लांब आहे, वाचा.

शाळेत ‘पारंपरिक कला’ म्हटलं की आपली पोरं गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढरी वारली काढतात. छानच आहे. पण वारली पालघर-डहाणूकडची. आपल्या गावाची कला इथून रिक्षानं थोड्या अंतरावर, पूर्व भागात आहे, आणि ती पोरांनी पाहिलेलीच नसते.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर विणलं. 1870 च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, तरी घराघरात हातमाग चालूच होते. बाप मागावर, आई सूत उकलतेय आणि पोरगं कांड्या भरतंय. हीच शाळा. मात्र तिचं कौतुक करताना जपून बोलायला हवं, कारण कांड्या भरणाऱ्या कितीतरी पोरांची खरी शाळा सुटली. तो संस्कार होता तशी मजुरीपण होती.

कला शिकायची पण मजूर व्हायचं नाही, हा पेच देशापुढे 1937 सालीच आला होता. वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा असंही त्यांचं म्हणणं होतं. शाळेचा कारखाना होईल, अशी टीका तेव्हाच झाली आणि झाकीर हुसेन समितीनंही हा धोका ओळखला होता. पुढं काय झालं? टकळी आली, कार्यानुभवाचा तास आला, मार्कं आली आणि टकळी कपाटात गेली.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकायचं. सोलापूरला यापेक्षा सोपं काय ओ?

मागावर गणित आहे. ताण्याचे धागे मोजायचे, नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायची. जेकॉर्डची भोकं पाडलेली कार्डं बघा : भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली होती. कॉम्प्युटर क्लासला फी भरणाऱ्यांनी हे पोरांना जरूर दाखवावं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती नक्षी कशी उमटते हे विचारलं तर आपणच गप्प बसतो.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांच्या रथोत्सवात चालत्या गाडीवर माग ठेवून वस्त्र विणतात. ते तरी दाखवा.

एक अट मात्र पाळा. विणकराकडे वर्ग घेऊन गेलात तर त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे शाळेनं द्यायचे. शाल-नारळावर भागवू नका. आणि पोरांना ‘दिवसाला किती मिळतात?’ हेही विचारू द्या.

तुमच्या शाळेनं यंदाचे दहा दिवस कुठं घालवले, कमेंटमध्ये लिहा.