खरी चित्रे आणि राहून गेलेली नावे

यंदा स्मरणिकेसाठी मंडळाची जुनी छायाचित्रे निवडण्याचे काम माझ्याकडे आले. एका छायाचित्रात अकरा भगिनी पापड लाटीत बसल्या आहेत. चौघींना मी ओळखले. सासूबाईंना विचारले, तेव्हा आणखी पाच नावे कळली. उरलेल्या दोघी कोण, हे आता कोणालाच सांगता येत नाही. तेव्हापासून अनुबोधपटांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात होते.

अनुबोधपट म्हणजे नटनट्यांची कथा नव्हे. खरी माणसे आणि खऱ्या घटना दाखविणारा चित्रपट. आपल्या देशात त्याचा आरंभ एका मराठी गृहस्थाने केला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चलच्चित्र घेतले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर चौदा वर्षांनी, १९१३ साली आला. म्हणजे आपल्याकडे कॅमेऱ्याने खरी माणसे आधी पाहिली, देवादिकांच्या कथा मागाहून!

खरे चित्र कसे घ्यावे, याचा धडा तर आपल्या सेवाग्रामातच आहे. गांधीजींच्या नात्यातील तरुण कनु गांधी यांना छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर. दिव्याचा झोत टाकायचा नाही, बापूंना मुद्दाम बसा-उभे राहा म्हणायचे नाही आणि आश्रमाचा पैसा खर्च करायचा नाही. बापू आणि कस्तुरबा रोजच्या कामात कसे दिसत, हे आज आपल्याला कळते ते या छायाचित्रांमुळे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन ही संस्था काढली. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी तिचे वार्तापट व अनुबोधपट दाखविणे सक्तीचे असे. सासूबाई म्हणतात, "घरचं आवरून टॉकीजमध्ये पोचेपर्यंत वार्तापट संपत आलेला असे. धरणं, पूर, पंतप्रधान, सगळं आम्ही शेपटाकडूनच पाहिलं."

असे चित्रपट केवळ आधीची भरती म्हणून न पाहता त्यांचा स्वतंत्र मान व्हावा, यासाठी १९९० साली मुंबईत अनुबोधपट, लघुपट व सचेतपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. तो दर दोन वर्षांनी भरतो. २०२४ सालच्या जूनमध्ये अठरावा भरला. देशोदेशींचे चित्रपट तेथे येतात. उत्तम ठरलेल्यास सुवर्णशंख मिळतो, आणि ज्यांनी आयुष्य या कामी घातले त्यांना व्ही. शांताराम यांच्या नावाचा जीवनगौरव दिला जातो.

२००२ साली हा जीवनगौरव विजया मुळे यांना मिळाला. हे नाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? परंतु लहानपणी दूरदर्शनवर 'एक अनेक और एकता' हा चित्रांचा छोटा चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. जाळ्यात सापडलेली पाखरे एकदम जाळ्यासकट उडून जातात, तोच. तो विजयाताईंनी १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केला. त्यांचा जन्म १९२१ साली मुंबईत झाला. लग्नानंतर त्या पाटण्यास गेल्या, तेथे पुन्हा शिक्षण हाती घेतले आणि पुढे इंग्लंडातील लीड्स येथेही शिकल्या. त्यांची कन्या सुहासिनी मुळे यांनीही अनुबोधपट काढले. विजयाताई २०१९ साली गेल्या.

मी तो चित्रपट कितीदा पाहिला असेन, मुलांनाही दाखविला. पण तो एका मराठी बाईने केला आहे, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. काम घरोघर पोचले आणि करणारीचे नाव मागे राहिले, याची मला खंत वाटली.

मुंबईच्या महोत्सवास आपल्यातील कोणी जाईल न जाईल. परंतु आपल्या मंडळाचा खराखुरा चित्रपट रोज चालूच आहे. त्यातील नावे जपणे आपल्या हाती आहे. म्हणून माझी विनंती अशी, की आपापल्या घरची मंडळाची छायाचित्रे काढा, मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावे व साल लिहा आणि वडीलधाऱ्यांना आजच विचारा. पापड लाटणाऱ्या त्या दोघींना कोणी ओळखत असेल, तर मला जरूर कळवावे. छायाचित्र मी या लेखाशेजारीच छापावयास दिले आहे.