खुब्याचा सांधा आणि पाट

मनुष्य म्हातारा झाला हे त्याच्या केसांवरून कळण्याआधी पुष्कळदा तो जमिनीवरून कसा उठतो यावरून कळते. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर, आणि ओठांत दाबून धरलेली कळ. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील उखळीत फिरतो, त्या दोहोंमधील मऊ कूर्चा झिजली की हाडावर हाड घासू लागते. शतकानुशतके या दुखण्यावर काठी आणि अंथरूण हेच दोन उपाय होते.

इंग्लंडमध्ये लँकशायर परगण्यात राइटिंग्टन येथे क्षयरोग्यांसाठी उभारलेले एक रुग्णालय आहे. तेथे जॉन चार्नली या शल्यविशारदाने या सांध्याचा ध्यास घेतला. त्याला चालना मिळाली ती एका आवाजाने. ज्याच्या खुब्यात प्लास्टिकचा माथा बसविलेला होता, असा एक रुग्ण जेवणाच्या मेजावर जरा पुढे वाकला की त्याचा सांधा कुरकुरे, आणि घरच्यांना ते ऐकवत नसे. घर्षण कमी झाल्याखेरीज कृत्रिम सांधा टिकणार नाही, हे चार्नलीने ओळखले. त्याने टेफ्लॉनच्या उखळी बसविल्या. रुग्ण हिंडूफिरू लागले. परंतु तीनचार वर्षांतच त्या झिजल्या, आणि सुमारे ३०० शस्त्रक्रियांचे यश मातीमोल झाले. या माणसाने टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्याचा दाह अजमावला. अपयशाची अशी झडती घेणारे थोडेच. अखेर नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याने अधिक चिवट अशा पॉलिएथिलीनची उखळ आणि सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा धातूचा माथा वापरला. पुढे जगभर रूढ झालेल्या शस्त्रक्रियेचा पाया तो हाच.

पण सांधा बदलला म्हणजे मनुष्य घरी परतला असे नव्हे. नवा माथा उखळीतून निसटू नये म्हणून पहिले काही आठवडे खुबा काटकोनापलीकडे वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, पाय आत वळवू नये, असे नियम रुग्णाला घालून देण्याची प्रथा पडली. मग पायजमा कसा चढवावा? पडलेला चष्मा कसा उचलावा? न्हाणीघरात पाय कसा टाकावा? येथे शल्यविशारदाचे काम संपते आणि व्यवसायोपचारज्ञाचे सुरू होते. लांब दांड्याचा चिमटा, मोजे चढविण्याचे साधन, उंच केलेली शौचाची बैठक, भिंतीतील पकड: साधने साधी, पण दुसऱ्याच्या हातून आंघोळ घालून घेण्याची पाळी म्हाताऱ्या माणसावर येते की नाही, हे त्यांवर ठरते.

हे शास्त्र हिंदुस्थानात रुजले ते मुंबईत. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी अमेरिकेत या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात या देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव आहे. चार्नलीची उखळ अजून दहा वर्षे दूर होती. सांधा येण्यापूर्वी सांधा वापरायला शिकविणारे हात तयार होत होते, हा इतिहासाचा एक गमतीदार क्रम.

तथापि या विद्येची पाश्चात्त्य पुस्तके खुर्ची गृहीत धरून लिहिलेली होती. आपले घर जमिनीवर वसलेले. जेवण पाटावर, पूजा देव्हाऱ्यापुढे मांडी घालून, शौच उकिडवे बसून, धान्य निवडणे पाय पसरून. लँकशायरच्या म्हाताऱ्याला खुर्ची थोडी उंच करून दिली की भागे. सोलापूरच्या आजीला मात्र ज्या आसनात तिचे आयुष्य गेले, तेच सोडावे लागे. म्हणून येथील उपचारज्ञाला रुग्णाच्या घराचाही विचार करावा लागतो: मोरीचा उंबरठा किती उंच, पलंगाखाली विटा किती लावाव्यात, देव्हारा भिंतीवर वर नेता येईल काय. शेवटचा प्रश्न विचारताना जपावे लागते.

अलीकडे शस्त्रक्रियेच्या वाटा बदलल्या, माथे मोठे झाले, आणि काही शल्यविशारदांनी हे निर्बंध सैल केले. तरीही अनेक घरांत पंगत मांडली जाते तेव्हा सर्वांचे पाट मांडून झाल्यावर एक खुर्ची आणली जाते, आणि तिच्यावर बसणारी आजी आधी तिची उंची हाताने चाचपून पाहते.