तीन संघांची स्पर्धा

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा अखेरचा झेल हरमनप्रीत कौरच्या हाती विसावला आणि भारतीय महिलांनी एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. ५२ धावांनी मिळालेला तो विजय पाहताना आमच्यासारख्या जुन्या चाहत्यांचे डोळे पाणावले, हे सांगण्यात आम्हाला संकोच वाटत नाही. त्याच मैदानावर तीनच दिवस आधी, वांद्र्याला लहानाची मोठी झालेल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढून बलाढ्य ऑस्ट्रेलियाला परतीची वाट दाखविली होती. पण त्या रात्री सर्वांत अधिक हलविले ते एका वेगळ्याच दृश्याने. विजयी मुलींनी तो चषक मिताली राज आणि झुलन गोस्वामी यांच्या हाती दिला. २००५ साली आणि पुन्हा २०१७ साली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून रिकाम्या हाताने परतलेल्या त्या दोघी होत्या.

चषक मागे वळून दिला गेला, तेव्हा आमचेही मन मागे वळले आणि थेट १९७३ सालापाशी जाऊन थांबले. वाचकहो, त्या एका वर्षाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे वाटते.

१९७३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये क्रिकेटची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि ती महिलांची होती. पुरुषांचा पहिला विश्वचषक त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली खेळला गेला. इंग्लंडची कर्णधार रेचेल हेहो फ्लिंट हिने या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि जॅक हेवर्ड या उद्योगपतीने तिच्यासाठी ४०,००० पौंड दिले. २० जूनपासून २८ जुलैपर्यंत साठ षटकांचे सामने झाले. अंतिम सामना असा ठरविलेला नव्हता. प्रत्येक संघाने इतर सर्वांशी खेळायचे आणि अधिक गुण मिळविणाऱ्याने चषक न्यायचा, अशी रीत होती. योगायोग असा की, एजबॅस्टनच्या शेवटच्या सामन्यावरच सर्व काही अवलंबून राहिले. एनिड बेकवेलने ११८ धावा काढल्या, इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला ९२ धावांनी हरविले आणि राजकन्या अ‍ॅनच्या हस्ते चषक स्वीकारला.

या स्पर्धेत सात संघ होते. पण ते सात कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका आणि त्रिनिदाद व टोबॅगो मिळून पाचच होतात. म्हणून इंग्लंडने आपल्या तरुण मुलींचा आणखी एक संघ उतरविला आणि निरनिराळ्या देशांतील खेळाडू एकत्र करून सातवा बांधला. संघ पुरेसे नाहीत म्हणून स्पर्धा रद्द करा, असे कोणी म्हटले नाही. स्पर्धा व्हायची हे आधी ठरले आणि संघ त्यानंतर उभे राहिले.

त्या सातांत भारत नव्हता. मात्र त्याच वर्षी आपल्याकडेही एक आरंभ होत होता, आणि तो राजकन्येच्या उपस्थितीवाचून होत होता. महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने १९७३ साली लखनौ येथे भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी झाली. बेगम हमीदा हबीबुल्ला तिच्या अध्यक्षा झाल्या. एप्रिल महिन्यात पुण्याला पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. तिच्यात संघ किती? अवघे तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला दुसरी स्पर्धा भरली तेव्हा तीनाचे आठ झाले होते. या मुली काही महिन्यांत आकाशातून पडल्या नव्हत्या. त्या आपापल्या अंगणात, गल्लीत, भावांच्या मागे चेंडू आणायला धावत होत्याच. त्यांना बोलावणे तेवढे उशिरा आले.

पुढचा मार्ग सुखाचा नव्हता. त्या पिढीतील शांता रंगास्वामी, डायना एडलजी यांनी आपल्या प्रवासाच्या आठवणी पुढे अनेकदा सांगितल्या आहेत. आरक्षण नसलेल्या डब्यातून दूरचा प्रवास, मुक्कामाला एकत्र खोल्या, जमिनीवर अंथरूण आणि पदरचा खर्च. तरीही १९७६ साली, स्थापनेनंतर अवघ्या तीन वर्षांनी, भारतीय महिलांनी वेस्ट इंडीजविरुद्ध आपली पहिली अधिकृत कसोटी मालिका खेळली आणि शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली पाटण्याला पहिला कसोटी विजयही मिळविला. १९७८ साली विश्वचषक स्पर्धाच भारतात भरली. त्या वेळी डायना एडलजी कर्णधार होत्या.

मग तीन वर्षांत कसोटी जिंकणाऱ्यांना विश्वचषकासाठी बावन्न वर्षे का लागावीत? आम्हाला वाटते, उणीव गुणांची नव्हती, संधीची होती. इंग्लंडमधील महिलांची क्रिकेट संघटना १९२६ साली स्थापन झाली होती आणि तेथील मुली १९३४ पासून कसोटी सामने खेळत होत्या. आपल्याकडे १९८६ नंतर १९९१ पर्यंत महिलांचा एकही कसोटी सामना झाला नाही; १९८८ च्या विश्वचषकाला आपला संघ गेलाच नाही. खेळाडूच्या आयुष्यात पाच वर्षे म्हणजे अर्धा बहर. तो कितीजणींचा न फुलताच ओसरला असेल, याची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही. २००६ साली महिला क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले, २०२२ साली स्त्री-पुरुष खेळाडूंना सामन्याचे समान मानधन जाहीर झाले आणि २०२३ साली महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांत चषक घरी आला. विहिरीत पाणी होते. पोहरा आणि दोर मिळायला मात्र उशीर झाला.

हे लिहिताना आम्हाला आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या मैदानावर मे महिन्यातील सामन्यांची तयारी चालली होती. एक शाळकरी मुलगी आपले नाव नोंदविण्यासाठी आली. “फादर, मला खेळायचे आहे,” ती म्हणाली. आम्ही हसून विचारले, “बाळ, तुझा संघ कुठे आहे?” तिने दोन मैत्रिणींची नावे सांगितली. तिघींचा काय संघ होणार, असे म्हणून आम्ही तिला गुणलेखनाची वही दिली. चारही दिवस तिने सुवाच्य अक्षरात मुलांच्या धावा लिहिल्या. आम्ही तिचे व्यासपीठावरून कौतुकही केले, आणि आपण तिला न्याय दिला असे मानून घरी गेलो.

पुण्याच्या तीन संघांविषयी वाचले तेव्हा ती वही आमच्या डोळ्यांपुढे आली. संघ नाही म्हणून मुलींना मैदान नाही, आणि मैदान नाही म्हणून मुलींचा संघ नाही. हे चक्र कोणी तरी कोठे तरी तोडावे लागते. १९७३ साली ते पुण्यात तीन संघांवर तुटले. आमच्या मैदानावर ते तीन मुलींवर तुटू शकले असते. ते तोडण्याचा अधिकार त्या दिवशी आमच्या हाती होता आणि आम्ही तो वापरला नाही.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिला पुन्हा शाळकरी करता येणार नाही. परंतु तिच्यामागून येणाऱ्या मुली आहेत. येत्या मे महिन्यात आमच्या मैदानावर मुलींचे सामने होतील, असे आम्ही ठरविले आहे. आतापर्यंत दोन संघांची नावे आली आहेत. तिसरा आला तर आनंदच आहे. न आला तर दोघांतच नाणेफेक होईल. गुणलेखनाची वही या वेळी आम्ही स्वतः घेऊन बसणार आहोत.